वासोटा एका दिवसात : सांगलीहून सहाजण, वेळ कशी बसवावी? (मदत हवी आहे)

वारणाकाठ :
डिसेंबरच्या मध्यावर बामणोलीमार्गे, कोयना धरणाच्या जलाशयातून बोटीनं, वासोटा किल्ला करायचा आहे. चार मोठे, अकरा वर्षांचा मुलगा आणि ६४ वर्षांची आई. तिचे गुडघे दुखतात. सांगलीहून पहाटे निघून रात्री परत यायचा विचार आहे. हे जमेल, की साताऱ्यात मुक्काम करावा? परवानगी आधी की बोट आधी? जवळची नागेश्वरची गुहाही त्याच दिवशी होईल का? आणि आईला कुठपर्यंत न्यावं?

कारवी :
मुक्काम कराच. सांगली-सातारा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पुढे कासवरून बामणोलीपर्यंत आणखी तास-सव्वा तासाचा वळणांचा रस्ता. सांगलीहून थेट आलात तर बोटीत बसेपर्यंत दहा वाजतात आणि मग सगळा दिवस मागे पडतो. वासोट्याचा हिशेब चढाईवरून नाही, परतीच्या बोटीवरून मांडायचा. गडावर राहायला मनाई आहे, सगळा भाग कोयना अभयारण्यात आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो.

असा बसवा : साडेपाचला सातारा सोडा, पावणेसातला बामणोली. तिथं आधी वनखात्याची परवानगी काढा (सगळ्यांची ओळखपत्रं हवीत), मग बोट ठरवा. बोटीचं भाडं पूर्ण बोटीचं असतं, माणशी नाही, त्यामुळे सहा जणांना ते जड जातं. काठावर दुसरा लहान गट दिसला तर आधीच बोलून घ्या, पण दोन्ही गटांची उतरायची वेळ एकच ठरवा. आठला बोट सुटली तर सव्वानऊपर्यंत मेट इंदवली. (मेट म्हणजे गडाच्या घेऱ्यातली चौकी, गाव धरणामुळे उठलं, नाव राहिलं.) तिथं वनखात्याच्या चौकीवर सामान तपासतात, प्लास्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतात आणि येताना पुन्हा मोजतात. पिशव्या, वेफरच्या पुड्या घरीच ठेवा आणि पाणी स्टीलच्या बाटल्यांत भरा, म्हणजे अर्धा तास वाचतो.

पावणेदहाला चालायला लागलात तर मुलासोबत दोन-सव्वादोन तासांत माथा. चढाई साधारण ५०० मीटरची. सुरुवातीला ओढ्याजवळ मारुती-गणपती लागतात, तिथून दाट रान, सावली छान. पुढे नागेश्वरची वाट फुटते तिथं न चुकता वासोट्याची वाट धरा. शेवटचा टप्पा उघडा आणि छातीवर येणारा. बारापासून दीडपर्यंत गड, दीडला उतरायला सुरुवात. पाचच्या आत बामणोली.

नागेश्वर यात बसत नाही. जबरदस्तीनं बसवलं तर उतरताना अंधार गाठतो, आणि ते रान गवे-अस्वलांचं आहे.

घाटमाथा :
कारवी म्हणतात ते बरोबर. थोडी भर :

माणशी तीन लिटर पाणी न्याच. उतरताना घसरतं ते दगडावर नाही, वाळक्या पाल्यावर. पाल्याखाली गोल दगड लपलेले असतात, म्हणून तळ झिजलेले बूट नकोत. मुलाला एक काठी द्या. अत्तर, डिओ लावू नका, सिगारेट-शेकोटी तर अजिबात नाही. कड्यांना आग्यामोहळं असतात. गवा समोर आला तर ओरडू नका, पळू नका, झाडाआड थांबून त्याला वाट द्या. रोख पैसे घ्या, रेंजवर विसंबू नका.

गडावर वेळ कमी पडतो, म्हणून आधी बिनछपराच्या मारुतीपासून बाबूकड्याकडे जा. कडा इंग्रजी यू अक्षरासारखा वळलेला, समोरचा डोंगर म्हणजे जुना वासोटा. मुलाला तिथंच सांगा : एप्रिल १८१८ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांचं कुटुंब या गडावर होतं आणि इंग्रजांनी समोरच्या त्याच डोंगरावर तोफा चढवून गड घेतला. डोंगर बघितला की तोफा तिथंच का, हे वेगळं सांगावं लागत नाही. महादेवाचं देऊळ, पाण्याची टाकी परतताना. जुन्या वासोट्यावर जायचा मोह नको, तिथं धड वाट नाही.

वारणाकाठ :
फारच उपयोगी, धन्यवाद. आईचं राहिलं. मेट इंदवलीला सावलीत बसवून ठेवलं तर? आणि डिसेंबर नाही जमला तर मार्चमध्ये येऊ का?

कारवी :
तिथं नको. सहा तास बसायला सोय नाही, आणि काही झालं तर तुमची बोट येईपर्यंत हलता येत नाही. बामणोलीतच मुक्कामाची खोली घ्या, आई तिथं राहतील, तुमचाही सकाळचा तास वाचेल. दुसऱ्या दिवशी त्यांना तापोळ्याकडे घेऊन जा, कोयना-सोळशी-कांदाटीचा संगम बोटीतूनच दिसतो, चढायचं काही नाही. मात्र बोटीत चढ-उतार करताना फळी अरुंद असते, दोघांनी धरा.

मार्चपेक्षा जानेवारी बरा. वीज आणि सिंचनासाठी पाणी सोडलं की शिवसागर (कोयना धरणाचा जलाशय) उतरत जातो, बोट नेहमीच्या काठाला लागत नाही आणि गाळातून जास्तीचं चालावं लागतं. ओढेही आटतात. शनिवार-रविवार टाळता आला तर बघा, चौकीवर रांग लागली की वरचं सगळं गणित तासाभरानं पुढे सरकतं. तसं झालं तर गडावरचा वेळ कापा, दीडची उतरायची वेळ हलवू नका.