विमानांवर सरकारच लेझर मारतं म्हणे, हे खरं का?

मेरीलँडची_माई

मुलगा फ्रेडरिकच्या विमानतळावर विमान चालवायला शिकतोय. ही पायलट मंडळी मांडीला पट्ट्याने एक छोटी पाटी बांधतात, कागद लावायला. काल त्याच्या पाटीच्या कोपऱ्यात लाल स्केचपेनने लिहिलेलं दिसलं : "लाल लाल हिरवा – वळ – १२१.५". हे काय रे, म्हटलं, तर म्हणे वॉशिंग्टनच्या बाजूला चुकून शिरलो तर खालून आपल्यावर लेझर मारतात. मला वाटलं आईची फिरकी घेतोय.

विमानावर लेझर मारणं हा गुन्हा आहे ना? मग सरकारने मारला तर चालतो? शिकाऊ पोरगं, विमानात एकटं, डोळे दिपले तर उतरवणार कसं?

आणखी एक. माझ्या वडिलांना लाल-हिरव्यातला फरक कळत नसे. हे आजोबांकडून मुलीमार्फत नातवाकडे येतं असं ऐकलंय. ह्याच्या मेडिकलमध्ये तसं काही निघालं नाही, पण ज्याला हे रंगच ओळखता येत नाहीत त्याने काय करायचं? कोणी विमान उडवणारं असेल तर सांगा. नेटवर वाचायला घेतलं, दुसऱ्याच परिच्छेदात एफ-१६ लढाऊ विमान आलं, मग फोन ठेवून दिला.

लोहगावकर

आमच्याकडे उलटं आहे. मिरवणुकीत पब्लिक आकाशात लेझर मारतं आणि पोलीस मनाईचे आदेश काढतात. तुमच्याकडे सरकारच मारतंय तर ढोलपथक पाठवून देऊ का?

सेस्नावाला_नाना

लोहगावकर, पथक पाठवा, पण उडवायचं झालं तर आधी फ्लाइट प्लॅन भरावा लागेल.

माई, पोरगं खरं बोलतंय. आणि हे पाटीवर लिहून घेतलंय म्हणजे त्याचा इन्स्ट्रक्टर बरा दिसतो. मी व्हर्जिनियात लीसबर्गला शिकवतो. आमचा विमानतळ त्या वर्तुळाच्या आतच आहे, त्यामुळे हा धडा आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात होतो.

वर्तुळ म्हणजे काय ते आधी सांगतो. वॉशिंग्टनच्या रीगन नॅशनल विमानतळावर एक रेडिओ केंद्र आहे. तिथून ३० नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर त्रिज्येचं, १८,००० फुटांच्या खालचं सगळं आकाश बांधलेलं आहे. आत शिरायचं तर आधी फ्लाइट प्लॅन, ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) फक्त तुमच्यासाठी दिलेला आकडा आणि पोटोमॅक अप्रोचशी, म्हणजे इथल्या हवाई वाहतूक नियंत्रणाशी, रेडिओवर बोलणं, तिन्ही हवं. त्याच्या आत साधारण निम्म्या त्रिज्येचं दुसरं वर्तुळ आहे. तिथे खाजगी विमानाला जवळजवळ मज्जावच.

आता गंमत अशी की जमिनीवर ही रेषा कुठेच आखलेली नसते. खाली तीच झाडं, तेच रस्ते. समोरून ऊन आलं, वारा थोडा बाजूचा असला की माणूस गप्पांच्या नादात आत येतो. ११ मे २००५ ला पेनसिल्व्हेनियाहून नॉर्थ कॅरोलिनाला निघालेलं एक सेस्ना १५०, दोन माणसांचं छोटं विमान, असंच व्हाइट हाउसच्या तीनेक मैलांवर पोचलं. कॅपिटॉल रिकामं केलं, व्हाइट हाउस रिकामं केलं, लोक बूट हातात घेऊन पळाले. शेवटी त्या विमानाला तुमच्या फ्रेडरिकलाच उतरवलं. मुख्य पायलटचं लायसन्स गेलं.

अडचण काय होती? रेडिओवर संपर्क होत नव्हता. शेजारी जाऊन खुणा कराव्यात तर सेस्ना १५० चा वेग शंभरेक नॉट, आणि त्या वेगाला एफ-१६ हवेत राहतच नाही. बैलगाडीच्या जोडीने फटफटी चालवायला सांगितल्यासारखं. लढाऊ विमान फार तर घिरट्या घालणार आणि फ्लेअर, म्हणजे जळते झगझगीत गोळे, सोडणार. तुमच्या लेकासारख्या नवशिक्याला ते बघून दरदरून घाम फुटेल, पण नेमकं काय करायचं ते कळेलच असं नाही.

म्हणून लेझर. यंत्रणा त्या प्रसंगानंतर दहा दिवसांनी, २१ मे २००५ ला सुरू झाली. त्या प्रसंगामुळे नव्हे बरं का, चाचण्या आधीपासूनच चालू होत्या. रडारवर अनोळखी ठिपका दिसला की जमिनीवरचा कॅमेरा तिकडे वळतो, माणूस विमान नीट बघून घेतो आणि फक्त त्याच विमानावर झोत टाकतो. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या विमानाला तो दिसत नाही. लाल, लाल, हिरवा, परत लाल, लाल, हिरवा. रेडिओ बंद पडला तर टॉवरमधून हातातल्या दिव्याने खुणा करतात, त्यात हा क्रम कुठेच नाही. त्यामुळे गल्लत होत नाही.

डोळ्यांचं म्हणाल तर हा झोत मुद्दाम पसरट केलेला असतो. कुठल्याही उंचीवर, कितीही जवळ असला तरी डोळ्याला इजा करणार नाही इतपतच त्याची ताकद ठेवली आहे. बाजारातला पॉइंटर वेगळा. तो बारीक असतो, एका किलोमीटरवर जेमतेम मीटरभर पसरतो, आणि विमानाच्या काचेवरच्या बारीक ओरखड्यांवर आपटला की अख्खी काच हिरवी पेटते. रात्री उतरताना ते फार वाईट. २०२३ मध्ये अमेरिकेत अशा १३,००० च्या वर तक्रारी नोंदल्या गेल्या.

गुन्हा? हो, २०१२ पासून पाच वर्षांपर्यंत कैद. पण त्याच कायद्यात अपवाद लिहिलेले आहेत : संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षा खात्याची माणसं कामावर असताना, आणि संकटात सापडलेला माणूस मदत मागायला लेझर वापरतो तेव्हा. म्हणजे पोटोमॅक नदीत होडी बुडत असली तर तुम्हीसुद्धा मारू शकता.

पाषाणकर_जयंत

नाना, माहिती छान, पण हा सगळा देखावा नाही का? ज्याला खरोखर कुठे जाऊन धडकायचंय तो लाल-हिरवा दिवा बघून "सॉरी हं" म्हणत परत फिरणार आहे का?

सेस्नावाला_नाना

नाही फिरणार. दिवा त्याच्यासाठी नाहीच, जयंतराव. आत घुसणारे जवळजवळ सगळे वाट चुकलेले किंवा सूचना न वाचता निघालेले असतात. दिवा दिसला की ते वळतात आणि खाली बसलेल्या माणसाचा जीव भांड्यात पडतो. जो वळत नाही त्याच्याकडे मग सगळ्यांना नीट लक्ष देता येतं. माझ्या मते ह्या यंत्रणेचा खरा उपयोग हाच, आणि लढाऊ विमान उडवण्याच्या मानाने हे फारच स्वस्तात पडतं.

ती कुठे कामाची नाही तेही सांगतो. ढगात आणि धुक्यात दिसत नाही. आणि पायलटलाच शुद्ध नसेल तर काहीच उपयोगाचं नाही. जून २०२३ मध्ये एक सायटेशन जेट वॉशिंग्टनवरून ३४,००० फुटांवर सरळ निघून गेलं. एफ-१६ इतक्या वेगाने मागे गेली की शहराने स्फोटासारखा आवाज ऐकला. फ्लेअर सोडून झाले, आत हालचाल नाही. केबिनमधला हवेचा दाब गेला होता. विमान व्हर्जिनियाच्या डोंगरात पडलं, चारही जण गेले. तिथे कुठला दिवा काय करणार!

माई, रंगांचं राहिलं. तुम्ही ऐकलंय ते बरोबर आहे. तुमच्या वडिलांना होतं म्हणजे तुमच्याकडे ते आलंच, आणि मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. पण मेडिकलमध्ये रंगांची तपासणी होतेच, त्यामुळे चिरंजीव सुटले म्हणायचे. ज्यांना फरक कळत नाही त्यांच्या मेडिकलवर मर्यादा पडते, रात्री उडता येत नाही. आणि दिवसा? मी सगळ्यांनाच सांगतो, रंग मोजत बसू नका. जमिनीवरून एखादा दिवा ठरावीक लयीत सारखा तुमच्याच तोंडावर लुकलुकतोय ना, मग आधी वळा. पॉइंटरवाल्या पोराचा हात थरथरतो, त्याचा ठिपका येतो-जातो, उड्या मारतो. हा झोत तसा नाचत नाही.

वळायचं म्हणजे वर्तुळाच्या मध्यापासून लांब. कंट्रोलरशी बोलणं चालू असेल तर त्यालाच सांगायचं, नसेल तर रेडिओवर १२१.५ लावायचं, ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. माझा दुसरा रेडिओ इंजिन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत १२१.५ वरच असतो. बटणाला विद्यार्थ्याने हात लावला की मी चापट मारतो.

मेरीलँडची_माई

नाना, किती नीट सांगितलंत, आभार. मुलाला वाचून दाखवलं तर म्हणे "हे सगळं मला माहीत होतं". हल्ली त्याला सगळंच माहीत असतं. लायसन्स मिळालं की मला विमानातून फिरवणार आहे. मी बसले असताना ते लेझर-बिझर नको. कुठल्या बाजूला जावं?

सेस्नावाला_नाना

पश्चिमेला, हार्पर्स फेरीकडे. दोन नद्या भेटतात, वरून फार सुंदर दिसतं, ऑक्टोबरात तर विचारूच नका. फ्रेडरिकच्या दक्षिणेला आमचं वर्तुळ आणि उत्तरेला कॅम्प डेव्हिड. एरवी तिथलं बंद आकाश तीन मैलांचं असतं, राष्ट्राध्यक्ष मुक्कामाला आले की दहा मैलांचं होतं. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी सूचना वाचायच्या, आदल्या रात्री वाचलेल्या चालत नाहीत.

आणि त्याला विचारा, एफएएचा (अमेरिकेचं हवाई वाहतूक खातं) ऑनलाइन कोर्स केलास का? वॉशिंग्टनच्या त्या केंद्रापासून ६० मैलांच्या आत नजरेने बघत उडायचं तर तो सक्तीचा आहे. फुकट आहे, प्रमाणपत्र छापून खिशात ठेवायचं. हार्पर्स फेरीसुद्धा त्या ६० मैलांतच येतं. "माहीत होतं" म्हणाला तर प्रमाणपत्र दाखव म्हणा.