व्हरॅसिटी आणि ऑनेस्टी एकच का? (फॅमिली ग्रुप)

प्राची: व्हरॅसिटी म्हणजे ऑनेस्टीच ना? निबंधात "माझ्या मैत्रिणीकडे व्हरॅसिटी आहे" असं लिहिलं तर चालेल का

मामा: चूक नाही गं पण फार पुस्तकी वाटतं, तिथे सरळ ट्रुथफुल लिही. ऑनेस्टीत वागणं पण येतं, पैसे न खाणं, कॉपी न करणं वगैरे, व्हरॅसिटी फक्त खरेखोटेपणाची. आणि ती माणसाची असते तशी माहितीची पण असते. रिपोर्टची व्हरॅसिटी सर्रास म्हणतात

दादा: आमच्याकडे डेटावाल्यांचे चार व्ही असतात, व्हॉल्यूम, व्हेलॉसिटी, व्हरायटी आणि ही व्हरॅसिटी. म्हणजे डेटा ढीगभर आहे पण भरवसा किती ठेवायचा. तिथे कोणी मुद्दाम खोटं बोलतंच असं नाही, सेन्सर बिघडलेला असतो नाहीतर एकच एंट्री दोनदा पडलेली असते

काकू: म्हणजे कोणी थाप मारली नाही तरी व्हरॅसिटी गेली? हे काय पटलं नाही बाई

मामा: वहिनी, माणसाची बघताना तो खरं सांगतोय का हे बघतात, माहितीची बघताना ती खरी निघते का हे. साक्षीदाराचं घ्या, त्याने अंधारात कोणीतरी पळताना पाहिलं आणि तो मनापासून सांगतोय की हाच तो माणूस, पण माणूस भलताच. साक्षीदार सच्चा, साक्ष चुकीची. वकील या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या धरतात. 1872 च्या एव्हिडन्स अॅक्टमध्ये कलम 146 ला उलटतपासणीत साक्षीदाराची व्हरॅसिटी तपासणारे प्रश्न विचारता येतात असं होतं, अगदी हाच शब्द

काकू: हां, आता कळलं

दादा: मूळ लॅटिन आहे, व्हेरस म्हणजे खरा. व्हेरिफाय, व्हर्डिक्ट त्यातलेच. गंमत म्हणजे आपलं रोजचं व्हेरी पण तिथूनच आलंय, आधी त्याचा अर्थ खरा असाच होता, मग नुसता जोर द्यायला वापरायला लागले. आपलं खरोखर नाही का, तसंच

प्राची: मग मला एक भारी वाक्य द्या ना याचं

मामा: "बातमीच्या व्हरॅसिटीबद्दल शंका आहे" याचं इंग्लिश कर, बहुतेक वेळा हा शब्द शंका घेतानाच येतो, कौतुकात कमीच

दादा: आणि स्पेलिंग बघून लिही, व्ही नंतर ई. तिथे ओ पडला तर व्होरॅसिटी होतं, म्हणजे अधाशीपणा 😄