बीएस्सी कॉम्प्युटर संपत आलं, एमसीएला पुण्याला जाऊ का?

चोपड्याची_पोर:
नमस्कार, मी शेवटच्या वर्षाला आहे, चोपडा तालुक्यातल्या खेड्यातून रोज एसटीने अपडाऊन करते. पप्पा म्हणतात शिक पण जळगावातच शिक, आजीचं म्हणणं पोरगी पुण्याला गेली की स्थळं येत नाहीत. पण माझी खरी भीती वेगळीच आहे. लॅबला एका पीसीवर चौघं बसायचो, माऊस पोरांच्या हातात आणि जर्नल आमच्या हातात, त्यामुळे तीन वर्षांत जर्नल सुबक लिहिता आलं पण एरर आली की हात थांबतो. घरी लॅपटॉप नाही, मोबाईलवर पायथनचं ॲप आहे, त्यात कंस शोधण्यातच रात्र जाते. मी पुढं जावं का, खरं सांगा.

यावलची_ताई:
जा ग. मीही जर्नलवालीच होते, आज नऊ वर्षं पुण्यात नोकरी करतेय. लॅबमध्ये लवकर जाऊन एकटी बस, आणि पायथनची एरर आली की शेवटची ओळ आधी वाच, काय चुकलं ते तिथंच लिहिलेलं असतं, लाईन नंबर त्याच्या जरा वर. कोडिंग जमेल तुला, अवघड दिवस नंतर येतात. 2017 पासून कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, मी घेतली, परत आले तर माझं काम दुसऱ्याकडे आणि मला नुसती टेस्टिंगची शीट भरायला, वर रात्री नऊला अमेरिकेचा कॉल. माझ्यासोबतच्या दोघी तिथंच सोडून गेल्या, दोघी माझ्यापेक्षा हुशार होत्या, अजून वाईट वाटतं. सासूबाई गाव सोडून माझ्याकडे राहिल्या म्हणून मी टिकले. 50 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असली तर कंपनीला पाळणाघराची सोय करावीच लागते, इंटरव्ह्यूत बिनधास्त विचार.

पाचोरेकर:
बेटा, मी बाप म्हणून लिहितो. फीचं आधी बघ, 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतल्यावर शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, एमसीए त्यात येतं. होस्टेल, मेस मात्र आपल्यालाच. माझ्या मुलीच्या वेळी मीही नाहीच म्हणत होतो, मग महाराष्ट्र एक्सप्रेसने तिच्यासोबत गेलो, होस्टेलची खोली पाहिली, गेट किती वाजता बंद होतं ते विचारलं, रेक्टर बाईंचा नंबर घेतला, मग झोप लागली. पप्पांना एकदा घेऊन जा, घरी बसून ते होकार देणार नाहीत.

चोपड्याची_पोर:
ताई, काका, खूप आभार. पप्पांना काकांचं लिहिलेलं वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, पण रात्री पाणी द्यायला शेतात निघताना विचारलं की उत्पन्नाच्या दाखल्याला तहसीलला कधी जायचं. सोमवारी जातोय. आणि उद्या आठची एसटी सोडून सातचीच धरते, लॅब उघडली की पहिला पीसी माझा.