विंडोज, मॅक आणि लिनक्स एकाच छापखान्यात: सांबा ठेवू की काढू?

मुद्रा_सांगली

नमस्कार. सांगलीत आमचा छोटा छापखाना आहे. पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या यांचे वार्षिक अहवाल हे आमचं मुख्य काम. ३० सप्टेंबरच्या आत सगळ्यांना सभा घ्यायची असते, त्यामुळे आत्ता कुणालाच 'उद्या देतो' म्हणून चालत नाही.

जुळणीला दोघेजण विंडोजवर, मुखपृष्ठं करणारी मुलगी मॅकवर, आणि कोपऱ्यात डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) घातलेला जुना डेस्कटॉप. त्याच्यावर सांबा आहे, म्हणजे लिनक्सवरचं फोल्डर विंडोज आणि मॅकवरूनही उघडू देणारा मुक्त प्रोग्राम. एकच फोल्डर, सगळ्यांना उघडं, पासवर्ड नाही. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं.

आता तीन अडचणी एकदम आल्यात. नवीन विंडोज ११ प्रोचं मशीन घेतलं, त्यावर ते फोल्डर उघडतच नाही. सुरक्षा धोरणामुळे गेस्टला, म्हणजे बिनपासवर्डच्या वापरकर्त्याला, प्रवेश नाही असं सांगतं. शेजारच्या विंडोज १० वर उघडतं. दुसरं, 'शेतकऱ्यांची यादी' नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये दिसतात, अक्षर न् अक्षर सारख्या. एका नावाच्या दोन फाइली कशा राहतात? छपाईच्या प्लेटला कुठली पाठवायची? आणि तिसरं, लांब मराठी नाव असलेल्या काही फाइली विंडोजवरून तिथे कॉपीच होत नाहीत.

मशीन देणारे म्हणतात, हे फुकटचं काढा आणि तयार एनएएसचा, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली देणाऱ्या डिस्कचा, डबा घ्या. खर्चाला ना नाही, पण त्याने हे सुटेल का?

रात्रपाळी

ताई, डबा घेऊ नका. बाजारातल्या बहुतेक एनएएसमध्ये आत लिनक्स आणि सांबाच असतं. तुमच्या तीनपैकी दोन अडचणी तर जशाच्या तशा त्या डब्यातही येतील.

पहिली सोपी आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोमध्ये दोन गोष्टी बदलल्या: गेस्ट म्हणून शिरणं बंद आणि मशीनांमधल्या प्रत्येक निरोपावर डिजिटल सही सक्तीची. ही सही पासवर्डातून तयार होणाऱ्या किल्लीने होते. गेस्टला पासवर्डच नाही, मग सही कशाने करणार? रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) बदल करून गेस्ट परत चालू करण्याचे उपाय नेटवर सापडतील, ते करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच शेअरिंगच्या जुन्या, एसएमबी १ आवृत्तीतल्या भोकातून. तुमच्याकडे सोसायट्यांच्या सभासदांच्या याद्या असतात, घर उघडं टाकू नका.

डेबियनवर प्रत्येकाच्या नावाने एक युजर करा, मग 'एसएमबीपासडब्ल्यूडी' ही आज्ञा 'ए' पर्यायासह देऊन त्याचा सांबाचा पासवर्ड ठेवा. सांबाच्या कॉन्फ (सेटिंगच्या) फाइलमध्ये त्या फोल्डरखाली 'गेस्ट ओके' समोर 'नो' लिहा. सगळ्यांना एका ग्रुपमध्ये घालून 'फोर्स ग्रुप' लावा आणि फोल्डरवर त्या ग्रुपला लिहायची परवानगी द्या, नाहीतर एकाने टाकलेली फाइल दुसऱ्याला सेव्ह होणार नाही. 'टेस्टपार्म' चालवून चूक नाही ना बघा, सांबा रीस्टार्ट करा. विंडोज पासवर्ड एकदाच विचारेल, 'लक्षात ठेवा'वर खूण करा. मॅकशी नीट जुळावं म्हणून त्याच फाइलमध्ये 'व्हीएफएस ऑब्जेक्ट्स' समोर फ्रूट आणि स्ट्रीम्स एक्सॅटर ही सांबाची जोड-साधनं घाला.

तिसरी अडचण: लिनक्सच्या एक्स्ट४ या डिस्क-मांडणीत फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'शेतकऱ्यांची' या एका शब्दात ११ चिन्हं, म्हणजे ३३ बाइट. साधारण ८५ चिन्हांत खेळ खलास. विंडोज मात्र बाइट न मोजता चिन्हं मोजतं आणि २५५ पर्यंत जाऊ देतं, म्हणून तिथे तेच नाव चालतं.

मुद्रा_सांगली

दादा, पासवर्डचं झालं, नवीन मशीनवर फोल्डर उघडलं! लांब नावांचंही कळलं. आमची मुलं अहवालाचं अख्खं शीर्षकच नाव म्हणून देतात. पण दोन याद्यांचं काय? यादीत नाव सुटलं तर सभेत मला जाब द्यावा लागतो.

ऱ्हस्वदीर्घ

हे मी सांगतो, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या क्रमांकपद्धतीत, बरीच वर्षं घातली आहेत. गोम 'ऱ्या'त आहे. 'ऱ' हे युनिकोडमध्ये एक चिन्ह म्हणूनही लिहिता येतं आणि 'र' अधिक नुक्ता (खालचा टिंब) अशी दोन चिन्हं म्हणूनही. मॅकची जुनी, एचएफएस प्लस मांडणीची डिस्क नावांतली अशी अक्षरं सुटी करून ठेवते. तिथून झिप करून आणलेली फाइल लिनक्सवर सोडली की नाव सुटंच राहतं. डोळ्यांना एकच दिसतं. लिनक्स आणि विंडोज दोघेही बाइट वेगळे म्हणून दोन फाइली मानतात. तुमची मॅकवाली मुलगी जुनी बाहेरची डिस्क वापरते का, विचारा.

यावर 'कॉन्व्हएमव्ही' नावाचं मुक्त साधन आहे. एनएफसी (जोडरूप) पर्यायाने ते नावांतली सुटी अक्षरं जोडून देतं. आधी नुसतं दाखवतं, 'नोटेस्ट' दिल्याशिवाय काही बदलत नाही. त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर लिहितही नाही. तोवर दोन्ही याद्या उघडून सभासदसंख्या आणि शेवटच्या बदलाची तारीख ताडून बघा. नुसत्या तारखेवर विसंबू नका.

अजून एक. काही कळपाट (कीबोर्ड) 'ऱ्या' हा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा टाइप करतात. हे रूप युनिकोडच्या हिशेबात खरंच वेगळं आहे, कॉन्व्हएमव्ही ते जोडणार नाही. म्हणून दोन्ही जुळणीवाल्यांना एकच कळपाट द्या.

कोपरा

डबा घेण्याआधी 'फुकटचं' या शब्दाबद्दल. सांबाची सुरुवात कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेलने केली, पहिली आवृत्ती १९९२ च्या जानेवारीतली. तेव्हा प्रोटोकॉलचे (मशीनांच्या बोलण्याच्या नियमांचे) कागद हातात नव्हते, तारेवरून जाणारे निरोप वाचून लोकांनी हे उभं केलं. मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या युरोपातल्या खटल्यानंतर डिसेंबर २००७ मध्ये तिच्याकडून ते कागद एकदाच १०,००० युरो भरून मिळाले. इतकी वर्षं माणसं त्यावर राबताहेत. मला त्याचा फार आदर वाटतो.

मोबाइलवरचे फोटो आणायला लोकलसेंड हे फाइली पाठवायचं अ‍ॅप वापरा. दोन मशीनांवरचे फोल्डर आपोआप सारखे ठेवणारं सिंकथिंगही चांगलं आहे, पण एकाच फाइलवर दोघे काम करत असाल तर तिथे 'कॉन्फ्लिक्ट' नावाच्या जादा प्रती पडतात. छापखान्यात नको.

मुद्रा_सांगली

जुनी डिस्कच निघाली. आणि एका यादीत चौदा सभासद कमी होते, ती मॅकवरची. दुसरी प्लेटला दिली. फाइलच्या नावात आता फक्त संस्थेचा क्रमांक, वर्ष आणि एक शब्द. डबा घेत नाही. त्या पैशात डेबियनला नवीन एसएसडी आणि बॅकअपला दुसरी डिस्क घेते. बॅकअप रात्री आपोआप व्हायला काय लावू?

रात्रपाळी

आरसिंक (बदललेल्या फाइली कॉपी करतं) आणि क्रॉन (ठरल्या वेळी ते चालवतं). दुसरी डिस्कही एक्स्ट४ च करा, म्हणजे नावांचा घोळ परत होणार नाही. आणि महिन्यातून एकदा एखादी फाइल बॅकअपमधून उघडून बघा.