'नर', 'शीर' की 'चेता'? एका वाक्याचा अडलेला अनुवाद

शहापूरकर (बेळगाव) : श्रावणात आईच्या उजव्या अंगावरून वारे गेले आणि तिची वाचाही गेली. दवाखान्यातून मिळालेला माहितीचा कागद कानडीत होता, म्हणून आत्यासाठी मी तो मराठीत उतरवायला बसले. कानडीत रक्त वाहते ती 'रक्तनाळ' आणि संदेश नेतो तो 'नर', असे दोन स्वच्छ वेगळे शब्द आहेत. मराठीत 'नर' म्हणजे पुरुष, म्हणून मी दोन्ही ठिकाणी 'शीर' लिहिले. ते वाचून आत्या आईच्या हातातले रक्त मोकळे करायला रोज तेल चोळू लागली. हात धड आहे, त्याला हुकूम देणारा मेंदूचा डावा भाग दुखावला आहे, हे माझ्या कागदावरून तिला कळलेच नाही. 'नर'साठी घरात बोलता येईल असा मराठी शब्द कोणता?

निपाणीकर : ताई, पाठ्यपुस्तकातला 'चेता' वापरा. आमची आजी 'चूल चेतव' म्हणत असे, आणि चेतापेशीत घडते तेही त्याच जातीचे आहे. स्वस्थ पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण असतो. पुरेशी चेतना मिळताच तिच्या आवरणातली दारे उघडून सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आत धावतात, तेवढा भाग क्षणभर धन होतो, त्यामुळे शेजारचा भाग चेततो, आणि तोवर पोटॅशियम बाहेर पडून पहिला भाग पूर्ववत होतो. एका जागी हे सारे साधारण एका मिलिसेकंदात आटोपते. जाळ पुढे सरकतो, लाकूड मात्र जळत नाही. रक्तासारखे इथे काही वाहत जात नाही, म्हणून 'शीर' हा शब्द इथे मुळातच चुकतो.

खानापूरकर : 'चेता' मी पुस्तकाबाहेर कधी ऐकलेला नाही, लोकांच्या कानावर 'मज्जातंतू' आहे. आयुर्वेदातली मज्जा ही सात धातूंपैकी सहावी, हाडाच्या पोकळीतली, म्हणून काही जण या शब्दाला अशास्त्रीय ठरवतात. पण तंतूभोवतीच्या स्निग्ध वेष्टनाला जर्मन वैद्य फिरखो यांनी 1854 मध्ये 'मायलिन' हे नाव दिले, तेही ग्रीक भाषेतल्या मज्जेवरूनच. त्या वेष्टनामुळे संदेश उड्या घेत जातो आणि जाड तंतूंत सेकंदाला 100 मीटरच्या घरात पोहोचतो. आपल्या पूर्वजांचा शब्द आपणच का टाकावा?

चिकोडीकर : आमच्या घरात मराठी बोलतानाही 'मानेची नर धरली' असे म्हणतात आणि कोणाला पुरुष आठवत नाही. कानडी 'नर', तमिळ 'नरंबु', ग्रीक 'न्यूरॉन', लॅटिन 'नर्वस' या सर्वांचा जुना अर्थ कंडरा, म्हणजे मांस हाडाला बांधणारी दोरी, असाही आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डेयर यांनी 1891 मध्ये चेतापेशीला 'न्यूरॉन' म्हटले तेव्हा ती जुनी कंडराच नव्या कामाला लावली. हिंदीत 'स्नायु' म्हणजे नर आणि आपल्याकडे 'स्नायू' म्हणजे मांसपेशी. मग शुद्ध शब्द कोणता म्हणायचा? 'मेंदू'सुद्धा मला कानडी 'मिदुळु'चाच भाऊ वाटतो.

खानापूरकर : संस्कृत 'मेद' समोर असताना 'मिदुळु'पर्यंत जाण्याचे कारण नाही.

शहापूरकर : 'मेंदू' आत्याला समजतो, त्याबद्दल तक्रार नाही. तिचा आता दुसरा प्रश्न आहे : आईला आपले बोलणे कळते, तर ती बोलत का नाही? कागदावर 'वाचाकेंद्र' असा शब्द आहे.

निपाणीकर : 1861 मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका या डॉक्टरांकडे असाच एक रुग्ण होता. त्याला बरेचसे समजत असे, पण तोंडातून 'टॅन' एवढाच उच्चार निघे; मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा दिसली. 1874 मध्ये जर्मन डॉक्टर वेर्निके यांनी उलट प्रकार दाखवला : कानशिलामागच्या भागात इजा झालेले लोक अस्खलित बोलतात, पण त्यात अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचेही नीट कळत नाही. म्हणून आत्यांना सांगा की वाचा एका जागी राहत नाही. 'केंद्र' म्हटले की एकच कचेरी डोळ्यांसमोर येते. 'क्षेत्र' म्हणावे, आणि त्या क्षेत्रांना जोडणारे तंतूही तितकेच महत्त्वाचे मानावेत.

शहापूरकर : 'क्षेत्र' लिहीन. काल आई पहिल्यांदा एक शब्द स्पष्ट बोलली : 'नीर'. तिचे माहेर बैलहोंगलचे, कानडी. लग्नानंतरची चाळीस वर्षे मराठीत गेली. आत्याला वाईट वाटले की मराठी आधी आली नाही.

निपाणीकर : आत्यांनी मनाला लावून घेऊ नये. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी 1881 मध्ये आधी शिकलेली भाषा आधी परतते असे मांडले, तर फ्रेंच डॉक्टर पित्र यांनी 1895 मध्ये आजारापूर्वी जास्त वापरातली भाषा आधी परतते असे. दोन्हींची उदाहरणे आहेत आणि दोन्हींना अपवादही.

खानापूरकर : पण 'नीर' कानडीच कशावरून? संस्कृतात आहे, मराठी कवितेत आहे.

चिकोडीकर : कवितेत असेल, तहान लागल्यावर मराठी माणूस 'पाणी' म्हणतो. आणि संस्कृतातला 'नीर'ही दक्षिणेकडूनच गेला, असे अनेक भाषाभ्यासक मानतात.

खानापूरकर : मला ते मान्य नाही. सवडीने सविस्तर लिहितो.