लायपोसोममध्ये टेक्निशियम भरायचंय पण टिकत नाही, कोणी केलंय का?

रावपुरावाली:
नमस्कार मंडळी, मी इथे बडोद्यातच एम.फार्म करतेय. सेमिनारला विषय घेतलाय लायपोसोमवर, म्हणजे औषध भरायच्या चरबीच्या बारीक पिशव्यांवर, रेडिओअ‍ॅक्टिव्ह लेबल लावून स्कॅन करणं. लायपोसोम बनवणं जमतं, १०० नॅनोमीटरच्या आसपास साइझ येते, पण ज्या जुन्या मेथड वाचतेय त्यात स्टॅनस क्लोराइड (कथिलाचा क्षार) टाकून टेक्निशियम-९९एम (स्कॅनला वापरतात तो किरणोत्सारी धातू) सरळ लायपोसोमला चिकटवतात, आणि सिनिअर म्हणते की सीरममध्ये ठेवलं की ते सुटतं. मग लिव्हर मस्त चमकतं असं जे फोटो दाखवतात त्याला काय अर्थ? आणि टेक्निशियम डायरेक्ट इंजेक्शनने दिलं तर काय बिघडतं, लायपोसोमची भानगड कशाला?

गॅमाकॅमेरावाला:
मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, १४ वर्षं झाली. ताई, तुझी सिनिअर बरोबर बोलतेय. एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, कॅमेऱ्याला लायपोसोम दिसतच नाही, त्याला फक्त टेक्निशियमचा १४० केईव्ही ऊर्जेचा गॅमा किरण दिसतो, तो कोणाच्या खांद्यावर बसून आलाय हे त्याला काय माहीत. लेबल सुटून मोकळं परटेक्नेटेट (टेक्निशियमचं पाण्यात विरघळणारं रूप) झालं तर ते थायरॉइड, लाळग्रंथी आणि पोटात जातं, म्हणजे गळा आणि जठर चमकलं की समज माल सुटला. हे निदान कळतं तरी. पण स्टॅनसचं गणित चुकलं की टेक्निशियमचा कोलॉइड (न विरघळणारे बारीक कण) बनतो आणि तो जातो कुठे तर लिव्हर-स्प्लीनमध्ये, आणि साधे लायपोसोमही तिथेच जातात! म्हणजे खराब प्रेपरेशनचा फोटो आणि चांगल्याचा फोटो जुळ्या भावांसारखा. पेपर क्रोमॅटोग्राफीवर (कागदावर द्रव चढवून भाग वेगळे करणं) पण दोघं खालीच बसून राहतात त्यामुळे तिथेही पकडला जात नाही, सेफाडेक्सचा कॉलम (जेल भरलेली गाळणीची नळी) लाव, लायपोसोम आधी बाहेर येतील, कोलॉइड बहुतेक वरच अडकून बसेल.

जुना_कलाभवन:
वरच्या भाऊंनी छान सांगितलं. मी फॉर्म्युलेशनमधला माणूस. बाहेरून चिकटवलेलं लेबल म्हणजे करंजीवर भुरभुरलेली पिठीसाखर, हात लावला की बोटाला. साखर सारणात पाहिजे. त्याची युक्ती १९९० च्या दशकातच निघाली, लायपोसोम बनवतानाच आत ग्लुटाथायोन (पेशींमध्ये असतं ते रसायन) भरून ठेवायचं, बाहेरचं धुऊन टाकायचं आणि मग टेक्निशियम-एचएमपीएओ (टेक्निशियमला धरणारं रसायन) घालायचं, जे ब्रेन स्कॅनला वापरतात तेच किट. ते तेलात विरघळणारं असल्यामुळे भिंतीतून आरामात आत शिरतं, आत ग्लुटाथायोन भेटलं की त्याचं रूप बदलतं, पाण्यात विरघळणारं होतं, आणि मग बाहेर यायला रस्ता नाही. उंदराचा पिंजरा ने, दुसरं काय! इंडियम-१११ या दुसऱ्या किरणोत्सारी धातूला पण असंच, ऑक्सिन या तेलात विरघळणाऱ्या रसायनासोबत आत सोडायचं आणि आत आधीच भरलेलं डीटीपीए हे रसायन त्याला धरून ठेवतं.
आता अर्धायुष्य बघ. पीईजी (शरीराला चकवणारं पॉलिमरचं आवरण) लावलेला लायपोसोम दोन-दोन दिवस रक्तात फिरतो. टेक्निशियमचं अर्धायुष्य ६ तास, म्हणजे २४ तासांनी सोळावा भाग, ४८ तासांनी २५६ वा. कॅन्सरच्या गाठीत माल हळूहळू साठतो आणि तोवर दिवाच विझलेला. इंडियमचं २.८ दिवस, दोन दिवसांनीही ६० टक्के शिल्लक. म्हणून पेशंटवरच्या अभ्यासात बहुतेक इंडियम दिसेल.

दांडियाबाजारचे_काका:
मला यातलं काही कळत नाही पण विचारतो, आमच्या वहिनींची ब्रेस्टची गाठ आहे, डॉक्टरांनी पेट स्कॅन सांगितलाय. हे लायपोसोमवालं जास्त चांगलं असेल तर तेच करून घेऊ का?

गॅमाकॅमेरावाला:
काका, नाही. डॉक्टरांनी सांगितलंय तोच स्कॅन करा, लायपोसोमवाला रोजच्या वापरात नाही. पेटमध्ये फ्लोरिन-१८ वाली साखर देतात, भुकेल्या पेशी ती ओढून घेतात, गाठ शोधायला ते पुरेसं आहे. उपाशी पोटी जा आणि वहिनींना डायबेटिस असेल तर आधीच सांगा.

जुना_कलाभवन:
याच्यात एक भर. माझं मत विचारशील तर गाठ शोधण्यासाठी लायपोसोम इमेजिंगच्या मागे लागू नये. खरा उपयोग औषधात आहे. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध १९९५ पासून बाजारात आहे, २०१२ ला अमेरिकेत तुटवडा पडला तेव्हा सन फार्माचं लिपोडॉक्स (तेच औषध) तिकडे न्यायला एफडीएने परवानगी दिली होती. पण ते कुठल्या पेशंटच्या गाठीत पोचतं आणि कुठल्या नाही? २००१ च्या एका अभ्यासात इंडियमवाले लायपोसोम देऊन बघितले तर डोकं-मानेच्या गाठीत भरपूर गेले, ब्रेस्टमध्ये बरेच कमी. आधी लेबलवाला पाठवून बघायचं, पोचला तर महाग औषध द्यायचं. सेमिनार यावर कर ना.

रावपुरावाली:
अरे वा, हे तर कोणीच सांगितलं नव्हतं!! लिव्हरचा फोटो मी पहिल्याच स्लाइडवर मोठा करून लावला होता, काढते आता 😅 कॉलम आहे डिपार्टमेंटला, ग्लुटाथायोन स्टोअरला विचारते. हॉट काम, म्हणजे किरणोत्सारी माल घेऊन, इथे होईल का?

गॅमाकॅमेरावाला:
कॉलेजमध्ये नाही, एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) लायसन्स लागतं. आधी कोल्डमध्ये, किरणोत्सारी माल न घेता, सगळं बसव, ग्लुटाथायोन किती आत राहिलं ते मोज, मग एखाद्या हॉस्पिटलच्या न्यूक्लिअर मेडिसिनशी गाइडमार्फत बोल. आणि जनरेटर नवा आला त्या आठवड्यात जा, त्यातल्या मोलीचं (मॉलिब्डेनम-९९, त्यातूनच टेक्निशियम निघतं) अर्धायुष्य ६६ तास, शेवटी शेवटी ही गाय फार कमी दूध देते.