मदत हवी आहे: काउंटर सोडून कंपनीच्या सेल्समध्ये जावं का?

नमस्कार मंडळी. बांधकाम साहित्याच्या दुकानात 2 वर्षं काउंटर सांभाळलाय, आता एका कंपनीत फिरत्या सेल्सची नोकरी चालून आली आहे. बोलणं जमतं, पण साइटवरचे इंजिनिअर उलटतपासणी घेतात त्याची धास्ती वाटते. परवाच एका ठेकेदाराने विचारलं, 3 महिने पडून राहिलेलं सिमेंट स्लॅबला चालेल का? मी गप्प! ओल लागून ताकद घटते आणि ती 28 दिवसांच्या चाचणीत कळते, हे नंतर वाचलं. असं किती वाचावं लागतं?

त्याहून मोठी काळजी उधारीची. माल गेला, पैसे अडकले, की वसुली सेल्सवाल्याच्याच गळ्यात पडते म्हणे. खरंय का? टार्गेट विक्रीवर धरतात की वसुलीवर? जाणकारांनो, मोकळेपणाने सांगा.